मिनिटाला 60 शब्द: ऊसतोडीवरून परतलेल्या एका मुलाच्या वाचनाचं प्रकरण

तिसरीच्या अखेरीस मुलाला कितपत वाचता यावं, याचं उत्तर आता सरकारी कागदावर एका ओळीत मिळतं. 5 जुलै 2021 रोजी सुरू झालेल्या निपुण भारत अभियानानुसार तिसरीचं मूल वयाला साजेसा, आधी न पाहिलेला मजकूर अर्थ समजून मिनिटाला किमान 60 शब्द या गतीनं वाचतं. दुसरीसाठी ही गती 45 ते 60 आहे. पहिलीसाठी गतीची अट नाहीच. चार-पाच सोप्या शब्दांचं वाक्य वाचता आलं की झालं. 2026-27 पर्यंत प्रत्येक मूल तिसरीअखेर इथवर पोचावं, असा संकल्प आहे आणि तो मला मनापासून मान्य आहे. वाचता न येणारं मूल चौथीत गेलं की परिसर अभ्यास, गणितातली शाब्दिक उदाहरणं, सगळंच त्याच्या हातून निसटू लागतं. मी हे दरवर्षी बघते.

पण ही ओळ ज्या मुलाच्या बाबतीत खरी करायची, ते मूल नोव्हेंबर ते मार्च शाळेतच नसेल तर? इथे मांडलेलं प्रकरण अशा एका मुलाचं आहे. गाव आणि मूल ओळखू येईल असे तपशील गाळले आहेत.

शाळा आणि वर्ग

बीड जिल्ह्यातल्या बालाघाटच्या डोंगरपट्ट्यातली आमची जिल्हा परिषदेची दोनशिक्षकी शाळा. पहिली-दुसरी सरांकडे, तिसरी-चौथी माझ्याकडे, एकाच खोलीत. जमीन खडकाळ, पाणी पावसापुरतं. त्यामुळे गावातली निम्म्याहून जास्त घरं दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला जातात. सातारा, सांगली, कोल्हापूर, सोलापूर, काही टोळ्या थेट कर्नाटकात. नवरा-बायको मिळून एक कोयता, म्हणजे मजुरांची एक जोडी. मुकादमाकडून उचल, म्हणजे मजुरीची आगाऊ रक्कम, आधीच घेतलेली असते, ती फेडायची तर दोघांनाही फडात उतरावं लागतं. मग लेकरं सोबत जातात.

2023-24 च्या हंगामात राज्यातले कारखाने 1 नोव्हेंबरला सुरू झाले आणि दिवाळी 12 तारखेला होती. म्हणजे काही कुटुंबांनी दिवाळीही कोपीतच, फडाजवळच्या तात्पुरत्या झोपडीतच, केली. ऑगस्टमधली पायाभूत चाचणी तिसरीतल्या या मुलानं दिली होती. त्यानंतर संकलित चाचणी झाली तेव्हा तो इथे नव्हता. तो परतला तो धुळवड झाल्यावर, मार्चच्या शेवटी.

हंगामी वसतिगृहाची सोय आमच्या भागात आहे. मूल आजीकडे किंवा नातेवाइकाकडे गावातच राहतं आणि दोन्ही वेळचं जेवण शाळेमार्फत मिळतं. वर्गातली काही मुलं अशी राहिली आणि त्यांचं वर्ष वाचलं. या मुलाच्या घरी दीड वर्षाची बहीण होती. तिला सांभाळायला कोपीवर कुणीतरी हवं होतं, आणि ते काम याच्याकडे आलं. ही अडचण कुठल्याही योजनेनं सुटलेली नाही. आठ वर्षांच्या मुलाला घरी ठेवा म्हणताना दीड वर्षाच्या मुलीचं काय करायचं, याचंही उत्तर बोलणाऱ्याकडे असायला हवं, असं मला प्रामाणिकपणे वाटतं.

कारखान्याजवळच्या शाळेत दाखल करण्यासाठी शिक्षण हमी पत्रक दिलं होतं. त्यानुसार तो तिथल्या शाळेत काही दिवस गेलाही. टोळीचा फड बदलला, कोपी हलली, शाळा लांब पडली.

परत आल्यावर

अशा मुलाला परतल्यावर पहिलीच्या मुलांत बसवून पुन्हा ‘अ आ इ’ पासून सुरू करायचं, ही सर्रास पद्धत आहे. शिक्षण हक्क कायद्याचं चौथं कलम वयानुरूप वर्ग आणि त्याला जोडून विशेष प्रशिक्षण सांगतं. त्यामुळे हजेरीत मूल तिसरीतच राहतं. बसतं मात्र पहिलीच्या ओळीत. मला हे पटत नाही. कारण मुलाला काय येतं हे न बघताच त्याला काही येत नाही असं धरून चालल्यासारखं होतं. मुलं हे लगेच ओळखतात. पाटीवर अक्षरं गिरवणारा आठ वर्षांचा मुलगा मान वर करत नाही.

म्हणून आधी तपासणी केली. परीक्षेसारखी नव्हे. सकाळची शाळा होती, व्हरांड्यात सावली असायची, चौथीच्या मुलांना जोडीवाचन देऊन मी याला घेऊन बाहेर बसले. ‘असर’ या मुलांच्या वाचन-गणिताच्या देशव्यापी पाहणीत 2005 पासून वापरात असलेला क्रम सोपा आहे: अक्षरं, शब्द, पहिलीच्या पातळीचा परिच्छेद, दुसरीच्या पातळीची गोष्ट. मी तोच धरला. पण त्याआधी एक पायरी माझी घातली. एक गोष्ट मी त्याला वाचून दाखवली आणि तिच्यावर बोललो.

ही पायरी सगळ्यात महत्त्वाची ठरली. चोर घरात शिरतो आणि म्हातारी झोपेचं सोंग घेते, अशी गोष्ट. म्हातारीनं आरडाओरडा का केला नाही, असं विचारल्यावर तो म्हणाला, “वरडली असती तर त्यानं मारलं असतं. गप पडली म्हणून वाचली.” कारण, परिणाम, पात्राच्या मनातला डाव, सगळं त्यानं एका दमात सांगितलं. म्हणजे ‘अर्थ समजून’ हा जो लक्ष्याचा गाभा आहे, तो या मुलाकडे कानावाटे पुरेपूर होता. अडलं होतं ते कागदावरच्या खुणा उलगडण्यात. आकलन आणि उलगडणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. त्या वेगळ्या तपासल्या नाहीत तर मूल ‘कच्चं’ आहे एवढंच कळतं, उद्या काय शिकवायचं ते कळत नाही.

मग वाचन. अक्षरं जवळपास सगळी आली. ‘घ’ आणि ‘ध’ मध्ये घोळ, ‘भ’ आणि ‘म’ मध्ये कधीमधी. काना आणि वेलांटी ठीक. त्यापुढे मी लिहिलेला हा परिच्छेद त्याच्यासमोर ठेवला:

“पहाटे धुकं पडलं होतं. आजी चूल पेटवत होती. बाहेर कुत्रं भुंकलं. आजी उठली नाही. ‘दूधवाला असेल,’ ती म्हणाली. थोड्या वेळानं दाराशी सायकलची घंटी वाजली.”

चोवीस शब्द. मिनिटाला 60 च्या हिशेबानं अर्ध्या मिनिटाच्या आत संपायला हवेत. त्याला दोन मिनिटांहून जास्त लागली. पण वेळेपेक्षा मी दुसरं टिपत होते. तो नेमकं काय उच्चारतो, ते मी शेजारच्या कागदावर जसंच्या तसं लिहीत गेले. ‘धुकं’चं ‘धक’, ‘चूल’चं ‘चल’, ‘भुंकलं’चं ‘भकल’, ‘म्हणाली’चं ‘महणाली’, ‘थोड्या’चं ‘थोडया’, ‘कुत्रं’वर तर तो थांबूनच राहिला. ‘पडलं’, ‘होती’, ‘नाही’, ‘असेल’, ‘बाहेर’ त्यानं न अडता वाचले.

हा कागद नीट पाहिला की चित्र स्पष्ट होतं. पहिला-दुसरा उकार पडतो आहे. अनुस्वार डोळ्यांना दिसतो, पण त्याचं काय करायचं हे ठरत नाही. जोडाक्षर आलं की तो त्याची दोन सुटी अक्षरं करतो. अडचणी या तीनच. मूळाक्षरांचं सगळं घर पाडून पुन्हा बांधायचं कारण नव्हतं; तीन ठिकाणी दुरुस्ती हवी होती.

लक्ष्याची ओळ उलगडताना

‘अपरिचित मजकूर’, ‘अर्थ समजून’, ‘मिनिटाला 60 शब्द’ अशा तीन अटी त्या एका ओळीत आहेत. त्यांतली गती मोजायला घड्याळ पुरतं आणि तिचा आकडा तक्त्यात बसतो. त्यामुळे प्रत्यक्षात सगळा जोर गतीवर जातो आणि बाकीच्या दोन अटी मागे पडतात. पुस्तकातला शिकवून झालेला पाठ वाचायला दिला की मूल भरभर वाचतं. पाठ ऐकून ऐकून तोंडपाठ झालेला असतो. बोट कुठल्या शब्दावर आहे ते पाहिलं तर तोंड पुढे आणि बोट मागे राहिलेलं दिसतं. खरंच वाचतं आहे का हे पाहायचं तर चित्र झाकावं आणि शेवटची ओळ आधी वाचायला सांगावी. लगेच कळतं.

गतीच्या आकड्याबद्दल आणखी एक गोष्ट मराठी शिकवणाऱ्यानं ध्यानात ठेवावी. आपल्या भाषेत प्रत्यय शब्दाला चिकटतात. ‘आई घरी नाही’ हे तीन शब्द, सहा अक्षरं. ‘कारखान्याजवळच्या वस्तीपासून शाळेपर्यंत’ हेही तीनच शब्द, पण अक्षरं अठरा, आणि त्यांत चार जोडाक्षरं. पहिल्या धाटणीच्या मजकुरात 60 शब्द गाठणारं मूल दुसऱ्या धाटणीच्या मजकुरात 25 वर थांबू शकतं. मुलाचं वाचन तेच असतं, कागद बदललेला असतो. म्हणून दर आठवड्याला गती पाहायची असेल तर मजकुराचा पोत सारखा ठेवायला हवा. मी वापरलेले सगळे उतारे पंचवीस-तीस शब्दांचे, लहान वाक्यांचे आणि साधारण सारख्या अक्षरसंख्येचे होते.

या मुलासाठी मी क्रम असा ठरवला: आधी अपरिचित मजकूर आणि अर्थ, गती शेवटी. हातात एप्रिल महिना होता, तोही तुटक. पाडवा, ईद, रामनवमी. बीडमध्ये लोकसभेचं मतदान 13 मे ला होतं, त्यामुळे निवडणुकीचं प्रशिक्षण याच दिवसांत आलं. दुसरी संकलित चाचणीही एप्रिलमध्येच. एवढ्या वेळात 60 पर्यंत पोचणं शक्य नव्हतं आणि तसं भासवण्यात त्या मुलाचं काही भलं नव्हतं. तीन अडचणी दूर करणं मात्र शक्य होतं.

शब्द कुठून आणले

जोडाक्षरं शिकवण्याची नेहमीची तऱ्हा म्हणजे फळ्यावर क्क, ख्य, ग्न अशी रांग लावायची आणि प्रत्येकाला दोन-दोन शब्द द्यायचे. त्यातले अर्धे शब्द मुलांनी कधी ऐकलेले नसतात. फलटणला मॅक्सीन बर्नसन यांच्या प्रगत शिक्षण संस्थेनं फार पूर्वीपासून वेगळी वाट दाखवली आहे: वर्णमालेचा क्रम न धरता अक्षरांचे आणि मात्रांचे छोटे गट घ्यायचे आणि त्यांतून लगेच मुलाच्या ओळखीचे शब्द वाचायला लागायचं. मी तेच तत्त्व जोडाक्षरांना लावलं.

शब्द मुलाकडूनच आले. दप्तरात त्याच्याकडे कारखान्याच्या काट्यावरची एक जुनी पावती होती, चौघडी घातलेली. बापाकडून मागून घेतलेली. “हितं गाडीचा नंबर असतोय बाई, आन हितं वजन,” असं त्यानं मला दाखवलं. ‘वाहन क्रमांक’, ‘एकूण वजन’, ‘निव्वळ वजन’ हे शब्द तो सुटे करून वाचत नव्हता, पण कुठला शब्द कशासाठी आहे हे त्याला पक्कं ठाऊक होतं. टनांचे आकडे तर तो सहज वाचत होता. परिसरातल्या छापील मजकुराचा अर्थ लावणं हा अध्ययन निष्पत्तींमध्ये, म्हणजे इयत्तेअखेर मुलाला काय यावं याच्या सरकारी यादीत, मोडणारा भाग आहे. या मुलानं तो शाळेबाहेर, ऊस भरलेल्या गाडीशेजारी उभं राहून कमावला होता. त्याच्या नोंदीत मी तो लिहिला.

त्या पावतीवरून ‘क्र’ सुरू केला. क्रमांक, चक्र, क्रिकेट. मग ‘ट्र’. इथे एक गंमत झाली आणि तिचा फार उपयोग झाला. तो ‘टॅक्टर’ म्हणायचा. घरातही सगळे तसंच म्हणतात. मी ‘ट्रॅक्टर’ लिहिल्यावर त्यानं ‘ट’खालच्या खुणेवर बोट ठेवून विचारलं, “ह्ये काय लोंबतंय?” तोवर मी त्याला एकदाही ‘हे जोडाक्षर’ असं म्हटलं नव्हतं. मग ट्रक, ट्रॉली, ड्रम असे शब्द लिहून सगळीकडे तीच खूण शोधली. ‘र’ खाली लोंबतो तेव्हा तो अक्षराच्या नंतर बोलायचा, आणि डोक्यावर बसतो तेव्हा अक्षराच्या आधी, एवढंच सांगितलं. डोक्यावरच्या रफारासाठी बैलाचं नाव कामी आलं: सर्जा. मग खुर्ची, मार्च, गर्दी. ‘दऱ्या’, ‘नवऱ्या’ मधला ‘र’ मी मुद्दाम टाळला, तो पुढे. एका आठवड्यात ‘र’ची दोन रूपं बसली तर ते पुष्कळ आहे.

बाकीची जोडाक्षरंही अशीच: मुक्काम, रस्ता, वस्ती, मम्मी, गल्ली, कुत्रा, पत्रा, मोळ्या, कोप्या. उकारासाठी जोड्या लावल्या: चल-चूल, मल-मूल, धर-धूर, फल-फूल, खर-खूर. जोडीतले दोन्ही शब्द फळ्यावर, मी एक बोलायचे, त्यानं त्यावर टिचकी मारायची. नंतर त्यानं बोलायचं, मी टिचकी मारायची, आणि मी मुद्दाम चुकीच्या शब्दावर मारायचे. ती चूक पकडताना त्याचं सगळं लक्ष उकारावर एकवटायचं. ऱ्हस्व-दीर्घाच्या लेखनाचा आग्रह मी या काळात अजिबात धरला नाही. उकार आहे की नाही, हे आधी दिसायला हवं होतं.

त्याची भाषा, पुस्तकाची भाषा

आठवड्यातून दोनदा तो सांगायचा आणि मी लिहायचे. त्या वर्षापासून पाठ्यपुस्तकांत पाठांनंतर कोरी पानं दिलेली होती (पुढे जानेवारी 2025 मध्ये तो निर्णय मागे घेतला गेला). आमच्या वर्गातली ती पानं या कामी आली. त्याचा पहिला मजकूर असा होता:

“आमी कोपीत ऱ्हात व्हतो. पहाटं टॅक्टर यायचा. मम्मी मोळ्या व्हायची. मी बारकीला संबाळायचो. ती लई रडायची.”

मी एकही शब्द न बदलता लिहिला. पहिल्या वाचनातच त्यानं तो जवळजवळ सरळ वाचला, कारण पुढचा शब्द काय असणार हे त्याला माहीत होतं. हे पाठांतर झालं, वाचन नव्हे, असा आक्षेप कुणी घेईल, आणि एवढ्यावर थांबलं तर तो बरोबर आहे. म्हणून दुसऱ्या दिवशी तीच वाक्यं मी पट्ट्यांवर कापून उलटसुलट मांडली. तिसऱ्या दिवशी त्याच शब्दांतून मी नवा मजकूर केला: “ट्रॅक्टर आला. बारकी उठली. मम्मी कोपीत नव्हती.” हा त्याच्यासाठी अपरिचित होता. ‘मम्मी कोपीत नव्हती’ वाचून तो थांबला आणि म्हणाला, “मग बारकी रडली असंल.” मजकुरात रडण्याचा शब्दही नव्हता. लक्ष्यातलं ‘अर्थ समजून’ मला अशा जागी सापडतं.

प्रमाण मराठी शिकवायची नाही, असा याचा अर्थ कुणी काढू नये. ‘व्हतो’ आणि ‘होतो’, ‘पहाटं’ आणि ‘पहाटे’ शेजारी शेजारी लिहून आम्ही घरचं बोलणं आणि पुस्तकातलं बोलणं अशा दोन बाजू केल्या. मुलं या दोन्हीत सहज ये-जा करतात. अध्ययन निष्पत्तींतही सुरुवातीच्या इयत्तांत मुलाच्या स्वतःच्या भाषेला जागा दिलेली आहे. मात्र तिचा उपयोग बोलण्यापुरता होतो, वाचायला शिकवताना आपण तिला दाराबाहेर ठेवतो. माझ्या मते वाचनाची सुरुवात तर तिथूनच करावी.

चौथीतल्या एका मुलीनं या कामात मोठा वाटा उचलला. तीही दोन हंगाम जाऊन आलेली. रोज दहा-पंधरा मिनिटं ती याच्याबरोबर वाचायची. तिला एकच नियम दिला होता: तो अडला तर लगेच शब्द सांगायचा नाही, मनात पाचापर्यंत मोजायचं. मोठ्या माणसांना हे जमत नाही, तिला जमलं.

एप्रिलअखेरची तपासणी

शेवटच्या आठवड्यात पुन्हा व्हरांड्यात बसलो. नवा उतारा, तोच पोत, त्यानं कधी न पाहिलेला. एक मुलगी विहिरीवर जाते, दोर तुटतो, ती घरी न जाता शेजारच्या मळ्यात जाते, एवढीच गोष्ट. तीन प्रश्न ठरलेले होते: एक मजकुरात सरळ सापडणारा, एक दोन वाक्यं जोडल्यावर सुटणारा, एक न लिहिलेल्याबद्दलचा.

‘तुटला’ त्यानं आधी ‘तटला’ वाचलं. पुढच्या शब्दावर गेला, थांबला, मागे आला आणि “तुटला” म्हणाला. मी काहीच बोलले नव्हते. वाचलेलं वाक्य आपल्याला समजलं नाही हे त्याला आतून जाणवलं आणि त्यानं ते स्वतः दुरुस्त केलं. वाचनाच्या प्रगतीची याहून भरवशाची खूण मला माहीत नाही. आमच्या कुठल्याही तक्त्यात तिला रकाना नाही. जोडाक्षरांत ‘त्र’, ‘स्त’, ‘ळ्या’ आली, ‘ध्य’ अडलं. अनुस्वार अजून कधी पडतो, कधी राहतो. मुलगी मळ्यात का गेली असेल, यावर उत्तर आलं, “तितं दोर असंल. नायतर मोटारच असंल.” दोन्ही शक्यता बरोबर.

गती मिनिटाला चाळीसच्या आसपास. म्हणजे दुसरीच्या लक्ष्यालाही थोडी कमी.

निपुण तक्त्यात ‘होय’ किंवा ‘नाही’ एवढंच भरायचं असतं. मी ‘नाही’ भरलं. केंद्रप्रमुख सर भेटीला आले तेव्हा त्यांनी विचारलं, “बाई, एवढी मेहनत घेतलीत, चाळीस म्हणजे अगदीच कमी नाही, ‘होय’ करता आलं नसतं का?” त्यांच्या बोलण्यात मुलाबद्दल आपुलकीच होती. मी म्हटलं, “सर, ‘होय’ लिहिलं तर जूनमध्ये याच्यासाठी काही करायचं राहिलेलं नाही असं ठरेल. ‘नाही’ लिहून पुढे काय उरलं ते लिहिते.” त्यांनी ते मान्य केलं आणि त्या पानावर सही केली.

वर्णनात्मक नोंदी लिहिण्याची पद्धत 2010 पासून राज्यात आहे. त्या बहुतेक ठिकाणी ‘वाचनात गोडी घेतो’, ‘सुधारणा आवश्यक’ अशा ठरीव वाक्यांनी भरतात. त्यातून पुढच्या शिक्षकाच्या हाती काहीच लागत नाही. माझी नोंद अशी होती: “ऐकलेल्या गोष्टीचं आकलन तिसरीच्या पातळीचं. अपरिचित छोटा उतारा अर्थासह वाचतो, गती सुमारे 40. चुकलेला शब्द स्वतः मागे जाऊन दुरुस्त करतो. काना, वेलांटी, मात्रा, उकार ठीक. र-खालची आणि रफाराची जोडाक्षरं येतात. पुढे: ध्य, द्ध, क्ष, ज्ञ, ऱ्य; अनुस्वार. मूळाक्षरांपासून सुरू करू नये.”

पुढच्या हंगामाआधी

चौथीत तो माझ्याकडेच आला. मे महिन्यात वाचन फार मागे गेलं नव्हतं. जोडीवाचनाची मुलगी पाचवीला दुसऱ्या गावी गेली होती. आता तो स्वतः तिसरीतल्या एकाबरोबर वाचू लागला. लेखनाचं काम बरंच उरलं आहे. वाचताना दिसणारा उकार लिहिताना पडतो, वाक्यं एकाला एक चिकटतात, पूर्णविराम नसतोच. त्याचा क्रम मी अजून नीट बसवू शकलेले नाही आणि त्यावर काम चालू आहे.

सप्टेंबरमध्ये मी त्याच्या घरी गेले. आजी म्हणाल्या, “बारकी आता चालती-बोलती झाली, दोघांनाबी ठिवते मी. पर माझ्या डोळ्याला दिसत न्हाई, रातच्याला कोण बघणार?” बाप म्हणाला, “म्याडम, तुमचं पटतंय, पर उचल घेतलीय आन म्हातारीचा भरोसा न्हाई.” मी आजींना म्हटलं, “आजी, संध्याकाळचं जेवण झाल्यावर मुलं वसतिगृहाच्या बाईंकडे थांबतील, झोपायला तेवढी घरी येतील. डोळ्यांचं शिबिर तालुक्याला आहे, मी तारीख कळवते.” निर्णय तेव्हा झाला नाही.

जाणाऱ्या मुलांची तपासणी आता मी जाण्याआधी, सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये करते. परतल्यावर शोधाशोध करण्यापेक्षा जातानाच मुलाच्या हातात काहीतरी असलेलं बरं. शिक्षण हमी पत्रकाला एक पान जोडते. वर दिलेल्या नोंदीसारखंच, तिकडच्या शिक्षकाला पाच मिनिटांत वाचता येईल असं, खाली माझा फोन नंबर. सोबत मुलाच्या स्वतःच्या मजकुरांची वही आणि त्यातल्या शब्दांवर बेतलेले, पण त्यानं अजून न वाचलेले दहा-बारा छोटे उतारे, प्रत्येकाखाली तीन प्रश्न. तिकडे शाळा मिळाली तर शिक्षकानं वापरावेत. नाही मिळाली तर बापानं पावत्या ठेवतो त्या पिशवीत ते ठेवावेत आणि रविवारी फोन लावून द्यावा, मूल मला एक उतारा वाचून दाखवेल, असं ठरवलं आहे. या मुलाच्या पिशवीत पहिले तीन उतारे ‘ध्य’चे आहेत: मध्य, संध्याकाळ, ध्यान. त्यानंतर ‘ऱ्य’.